मास्तरांचं नाक

आमच्या गोठ्यात माझा एक अर्धपुतळा आहे. डोक्यावर टोपी, अंगात कॉलरचा शर्ट, चेहऱ्यावर मोठ्या माणसाला शोभेल असं गांभीर्य. सकाळी त्याच्या टोपीवर तांबडी कोंबडी बसलेली असते आणि माझी बायको धार काढता काढता त्याच्याशी बोलत असते. माझ्याशी बोलत नाही एवढं त्याच्याशी बोलते. कारण विचारलं तर म्हणते, "त्यो ऐकून घेतो."

जिवंतपणी पुतळा होणं हे पुढाऱ्यांचं काम. मी एस.टी.त कंडक्टर होतो, तिकिटं फाडली आणि निवृत्त झालो. माझा पुतळा कुणी करावा असं मी काही केलेलं नाही. हा पुतळाही माझा म्हणून केलेला नाही. तो आमच्या मास्तरांचा आहे. म्हणजे असायला हवा होता.

आमची वस्ती राजुरीपासून चालत जाण्याइतकी. धनगरांची घरं. तेव्हा सगळ्यांकडं मेंढरं होती, आता बहुतेकांकडं कांदा आणि ऊस आहे, आणि उसात बिबट्या. शाळा एका खोलीची, चौथीपर्यंतची. मास्तर एकच. ते आंबेगाव तालुक्यातले, कळंबचे. वय पंचविशीच्या जरा पुढं असेल, पण आम्हाला ते म्हातारे वाटायचे. आठवडाभर शाळेतच राहायचे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकलवर टांग टाकून कळंबला बायकोकडं जायचे आणि सोमवारी पुन्हा हजर.

मास्तरांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. तो कसा तुटला याच्या वर्गात अनेक कथा होत्या. मास्तर स्वतः सांगायचे, "लहानपणी पाढे न चावता गिळायला गेलो." आम्ही त्यामुळं काही दिवस पाढे फार हळू म्हणायचो.

शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो एका सुट्टीत चोरीला गेला. रुळाचा तुकडा नेऊन कुणाचं काय भलं होणार होतं कोण जाणे, पण पुढच्या महिन्यात वस्तीतल्या एका घरी नवी कोरी पहार दिसली असं जुनी माणसं सांगतात. मास्तरांनी ना चौकशी केली ना नवी घंटा मागवली. दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. ती लांब जायची, मध्येच तुटक्या दातातून हवा निसटून फुस्स व्हायची आणि मग पुन्हा वर चढायची. ओढ्यापलीकडं ऐकू यायची. तेव्हापासून शाळा शिळेवर भरू लागली.

आता यात आमची एक अडचण होती. आमच्याकडं प्रत्येक घराची मेंढरं बोलवायची हाक वेगळी असते. माझा बाप घशातून एक लांब हुर्र काढायचा, चुलता जिभेनं टकटक करायचा. मेंढरू आपल्या घरच्या हाकेलाच वळतं, शेजाऱ्यानं बोंबलून जीव दिला तरी मान वर करत नाही. रविवारी मेंढरांमागं आम्ही पोरं असायचो. बापाच्या हाकेचा आम्हाला कंटाळा आला होता आणि मास्तरांची शीळ नवी होती. ती यायला मला एक पावसाळा लागला. अख्खे दात असले की ती मधली फुस्स आपोआप येत नाही, जीभ मागं घेऊन मुद्दाम शीळ तोडावी लागते. आम्ही तोडायला शिकलो. मेंढरं वळायला शिकली.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल, आम्हाला मात्र कळलं नव्हतं. एका सकाळी मास्तरांनी शाळेच्या दारात उभं राहून शीळ घातली आणि आमच्या आधी दोन घरांची मेंढरं शाळेत येऊन बसली. फळ्याखाली, खिडकीखाली, जिथं जागा मिळेल तिथं. आम्ही मागून धापा टाकत पोचलो तर मास्तर खुर्चीत बसून हजेरी घेत होते. आमचं एकेक नाव घ्यायचे, कुठलंतरी मेंढरू बें करायचं, मास्तर म्हणायचे, "हजर." माझ्या नावाला एक काळी मेंढी ओरडली. मास्तर म्हणाले, "आवाज सुधारला रे तुझा."

आम्हाला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, ज्याला मोजता येईल त्यानं आपापली घेऊन जावी. माझी एक कमी भरली. ती फळ्यामागं होती. वजाबाकी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी बापानं बडवलं, कारण मेंढरं आता त्याच्या हुर्रला वळेनात. आठवडाभर त्यानं घसा फोडून पाहिला. शेवटी तो आणि चुलता दोघंही ओढ्यावर बसून, पोरांकडून, तोंडात बोटं घालून शीळ शिकले.

हे सगळं मी तुम्हाला किती घडाघडा सांगितलं. जिथं सांगायला हवं होतं तिथं यातलं एक अक्षर मला सुचलं नाही. ते पुढं येईलच.

मास्तर प्रादेशिक सेनेत होते. म्हणजे एरवी मास्तर, आणि वर्षातले काही दिवस खाकी घालून कवायतीला. तिथून रापून यायचे आणि आमच्या खांद्यावर मेंढरांच्या काठ्या देऊन आम्हाला डावा-उजवा करायला लावायचे. एकाहत्तर साली थंडीत लढाई लागली आणि मास्तरांना बोलावणं आलं. जाताना घोंगडी खांद्यावर टाकली, सायकल शाळेच्या भिंतीला लावली आणि म्हणाले, "तेवीसचा पाढा पाठ करून ठेवा. आल्यावर विचारीन."

सीमेजवळच्या कुठल्याशा स्टेशनावर ते डब्यातून जवानांसाठी आलेली कांबळी उतरवून घेत होते. वरून विमान आलं. एवढंच आमच्यापर्यंत पोचलं. शाळेला सुट्टी मिळाली. सुट्टी म्हटल्यावर आम्ही आधी हुर्यो केला आणि मग ती कशाची आहे ते कळलं.

तेवीसचा पाढा मला अजून येत नाही. विचारायला कुणी आलं नाही.

मोठा झाल्यावर मी मास्तरांच्या मरणाला बरंच काम लावलं, हे इथं सांगून टाकतो. कांबळी उतरवताना मेले हे मला पुरेसं वाटायचं नाही. माझी ड्युटी नारायणगाव–मंचर पट्ट्यात असायची. नारायणगावला चढलेल्या पाहुण्याला मी मास्तरांची गोष्ट सांगायला घ्यायचो आणि मंचर येईपर्यंत मास्तरांनी तीन रणगाडे उडवलेले असायचे. मध्ये कळंब लागतं, तिथं तेवढा गप्प बसायचो. तिथं त्यांचे भाऊबंद चढायचे.

तर गेल्या पावसाळ्यात वस्तीच्या लोकांनी ठरवलं की शाळेसमोर मास्तरांचा अर्धपुतळा बसवायचा. ठरवलं म्हणजे माझ्या एका वर्गमित्रानं ठरवलं. तो एके काळचा सरपंच. पद गेलं, आवाज राहिला. बैठक देवळात, तीही दिवस मावळायच्या आत, कारण बिबट्या.

"फोटू कुठाय?" सरपंचानं विचारलं.

फोटो एकच होता. लग्नानंतर जुन्नरच्या स्टुडिओत काढलेला. तो मास्तरांच्या मुलीनं कळंबहून फ्रेमसकट पाठवला होता. ही मुलगी मास्तर गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जन्मली. ती रांगत होती तेव्हा घराच्या भिंतीला वाळवी लागली आणि वाळवीनं फोटोतला नेमका चेहरा खाल्ला. टोपी ठेवली, उजवा कान ठेवला, कॉलर ठेवली. मधले मास्तर तेवढे नेले. आईनं फ्रेम तशीच भिंतीवर ठेवली आणि मुलगी टोपीला नमस्कार करत मोठी झाली. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लष्कराकडं विचारणा केली होती, जुने कागद बघून कळवतो असं ते म्हणाले होते. पण सरपंचाला सव्वीस जानेवारी गाठायची होती.

मग जो तो आठवू लागला. एक म्हणाला मास्तर उजळ, दुसरा म्हणाला काळेसावळे. एकानं मिशी सांगितली, तर बाकीचे म्हणाले मिशी पुढच्या मास्तरांना व्हती, आन्‌ ते मारायचे पण जास्त. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. अशा वेळी गप्प बसायचं असतं. मी उभा राहिलो.

"अरं, आपण मेंढराची तोंडं ओळखणारी माणसं," मी म्हणालो. "शंभरात आपलं कोकरू कुठलं ते लांबनं सांगतो. आन्‌ मास्तरांचं तोंड इसरू? माझ्या डोळ्यासमोर हाय. नाक, डोळं, हनवटी, समदं."

कोपऱ्यात माझा चुलतभाऊ बसला होता. वस्तीत मेंढरं अजून त्याच्याकडंच आहेत. तो म्हणाला, "मेंढराचं येगळं हाय, राव. ती रोज दिसत्यात."

त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सरपंचानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मास्तरांचा चेहरा माझ्या ताब्यात आला.

मूर्तिकार वारूळवाडीचा. त्याचा मूळ धंदा गणपतीचा. भाद्रपद सरला की देवांना सुट्टी आणि पुढाऱ्यांना सुरुवात. वर्षभर सोंडा वळलेल्या माणसाला साध्या नाकाचं काय कौतुक असणार? पण तो शिस्तीचा निघाला. समोर मातीचा गोळा घेतला, टोपी, कान आणि कॉलर फोटोवरून हुबेहूब काढली आणि मला म्हणाला, "बोला पावणं. नाक?"

"सरळ," मी म्हणालो.

"सरळ म्हंजे? समद्यांची खालीच येत्यात."

मला पुढं शब्द सापडेना. डोळे मिटले तर मास्तर दिसत, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. आता माघार घ्यावी तर बैठकीत केलेलं भाषण आडवं येत होतं. मग मी बोट स्वतःच्या नाकावर ठेवलं. "हे बघा. असं. पण जरा तरणं."

"गाल?"

"गाल असे. आता माझे बसलेत, ते भरून घ्या."

"हनवटी?"

"ही बघा."

तो माती दाबायचा, माझ्याकडं बघायचा, पुन्हा दाबायचा. मला वाटलं, काय मन लावून ऐकतोय माणूस. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा चेहरा तयार झाला होता आणि तो मला इतका ओळखीचा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. खिशातून रुमाल काढला. "हेच," मी म्हणालो, "हेच आमचे मास्तर." रोज दाढी करताना दिसणाऱ्या तोंडाला पाहून माणसाला एवढं भरून येतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

त्या मातीच्या चेहऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून सरपंचाला पाठवला. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात सव्वीस जानेवारी. तो म्हणाला, "एकदम मास्तर."

आता मास्तरांच्या मुलीचा होकार घ्यायचा राहिला. मी कळंबला गेलो. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, बोलायला हळू. मी तिला ताई म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. हात पदराला पुसून तिनं माझा मोबाइल घेतला, चेहरा बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हेच का ते?"

"हेच."

"नक्की, भाऊ?"

"ताई, शंभर टक्के."

तिनं मोबाइल जरा लांब धरला. मग म्हणाली, "आई सांगायची, शनिवारी ते यायचे ना, तेव्हा ओढ्याच्या वळणावर आले की—"

"नाक बघा ताई, नाक," मी म्हणालो. "नाकाला लई मेहनत घेतली."

तिनं नाक बघितलं. मोबाइल मांडीवर ठेवला. "मी त्यांना बघितलं न्हाई, त्यांनी मला बघितलं न्हाई. माझ्याकडं त्यांचं म्हणून जे हाय ते समदं ऐकीव. पुतळा, मान, हार, ते तुमच्या वस्तीचं प्रेम, त्याला मी काय नाय म्हणत नाय. पण मला एक तरी गोष्ट अशी पायजे, जी नक्की त्यांची हाय. कुणी बनवलेली नाय. तुमी डोळ्यांनी बघितलेलं माणूस, म्हणून इचारते."

माणसानं इथं तरी सरळ व्हावं. मी चहाचा घोट घेतला.

"आई म्हणायची," ती पुन्हा सुरू झाली, "तोंड एकवेळ इसरंन मी त्यांचं, पण ती—"

मी घाबरून रणगाड्यांवर गेलो. तिसरा उडेपर्यंत थांबलो नाही. ती ऐकत होती, मग भुवया आकसून म्हणाली, "रणगाडे? आमाला तर सांगितलं, कांबळी उतरवून घेत व्हते."

"कांबळ्यांच्या आधी," मी म्हणालो.

परत येताना मला वाटलं, काम छान झालं.

पुतळा पंचवीस तारखेला दुपारी टेम्पोतून आमच्या दारात आला. उतरवायला बायको उभी होती. गोणपाट बाजूला झालं तशी ती पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटलं, रडतेय.

"अवं," ती म्हणाली, "हे तर तुमी हाय."

"काय तरी बोलू नको."

"लग्नात असंच तोंड केलं व्हतं तुमी. मुंडावळ्या बांधा, हुबेहूब."

मी समोर जाऊन बघितलं. मग पुतळ्याच्या शेजारी मोबाइल धरून त्यात स्वतःला बघितलं. तेच. माझं नाक, माझी हनवटी, गाल भरून घेतलेले. मास्तरांचा फक्त कान होता.

सरपंच धावत आला. त्यानं एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. "काळा रंग आणू का? मिशी काढू."

"मास्तरांना मिशी नव्हती."

"तुला पण नाय. तेवढाच फरक पडंल."

चुलतभाऊ आला, उंबऱ्यावर बसला आणि हसत राहिला. हसून झालं की पुतळ्याकडं बघायचा आणि पुन्हा सुरू. त्यानं नुकतीच कवळी बसवली होती, सगळे दात एकदम दिसत होते. रात्रीत दुसरा पुतळा होणार नव्हता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. कळंबला फोन करावा असं मनात आलं, मोबाइल हातात घेतला, आणि चार्जिंगला लावून ठेवला.

मी बेत असा केला की कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसायचं, तोंड दाखवायचं नाही. जानेवारीची थंडी कामी आली. माकडटोपी घातली, वरून मफलर गुंडाळला, नुसते डोळे उघडे. झेंडावंदन झालं. ताई आल्या होत्या, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, सोबत ती फ्रेम घेऊन. पुतळ्यावर भगवं कापड, भोवती झेंडूच्या माळा. दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या झाल्या. ताई पुतळ्याकडं टक लावून बघत होत्या. कान बघितला, फ्रेमकडं बघितलं, मान हलवली. मी मफलरमध्ये मोकळा श्वास सोडला.

पण आमच्याकडचा कार्यक्रम सत्काराशिवाय संपत नाही. पुतळा मागं राहिला तरी चालेल, सत्कार मागं राहता कामा नये. सरपंचानं माइकवरून माझं नाव पुकारलं, ज्यांच्या स्मरणशक्तीमुळं आज मास्तर आपल्यात आहेत असं म्हणाला, आणि दोघांनी मला धरून व्यासपीठावर नेलं. एकानं मफलर सोडला, दुसऱ्यानं माकडटोपी ओढली, सरपंचानं खांद्यावर उपरणं टाकलं, हातात नारळ दिला आणि डोक्यावर पांढरी टोपी घातली. कडक. पुतळ्याच्या टोपीसारखीच. मी पुतळ्याच्या बरोबर शेजारी उभा होतो.

पहिल्यांदा बायका हसल्या. मग मागचे गडी. मग शाळेतली पोरं, त्यांना तर थांबवायला कुणी नव्हतं. सरपंचाच्या जरा उशिरानं लक्षात आलं की आपणही हसतोय, आणि माइक चालू आहे.

ताईंनी माझ्याकडं बघितलं, पुतळ्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचे वडील आन्‌ माझे वडील सख्खे भाऊ व्हते का?"

सगळे पुन्हा हसले. त्या हसल्या नाहीत.

नारळ हातात घेऊन माणूस खोटं बोलू शकत नाही, निदान मला जमलं नाही. "ताई," मी म्हणालो, "मला त्यांचं तोंड आठवत नाही. कुणालाच आठवत नाही. ते आमच्याकडं बघायचे तेव्हा आमच्या माना खाली असायच्या, आन्‌ आमी बघायचो तेव्हा ते फळ्याकडं तोंड करून असायचे."

"आन्‌ रणगाडे?"

"ते माझे."

त्या फ्रेमच्या काचेवर अंगठा फिरवत राहिल्या. मांडवातलं हसू आपोआप विरलं. "मग तुमाला आठवतंय तरी काय त्यांचं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मला एक शब्द सुचेना. मेंढरांची हजेरी नाही, चोरीची घंटा नाही, काही नाही. सगळी नोकरी एस.टी.भर बोलत फिरलेला माणूस मी, आणि तिथं टोपी घालून उभा.

तेवढ्यात मांडवाच्या मागून मेंढरं आली. चुलतभावानं कळप शेजारच्या काढलेल्या कांद्याच्या रानात कुत्र्याच्या भरवशावर सोडला होता आणि स्वतः दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसला होता. कुत्रा जिलेबीच्या पातेल्याकडं गेला आणि मेंढरं झेंडूच्या माळांकडं आली. खुर्च्यांमधून घुसली, व्यासपीठावर चढली. एका मेंढीनं माझ्या पुतळ्याच्या गळ्यातला हार धरून ओढायला सुरुवात केली. सरपंच माइकवरून "हाड, हाड" म्हणू लागला. पोरं टाळ्या पिटत होती. मेंढरं कुणाचं ऐकत नव्हती.

चुलतभाऊ उठलासुद्धा नाही. बसल्या जागी त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. ती लांब गेली, मध्येच तुटली, फुस्स झाली, पुन्हा वर चढली. सगळी मेंढरं एकदम वळली. हार ओढणारीनं हार सोडला.

ताईंनी माझी बाही धरली.

"ही कुणाची शीळ?"

"आमच्या मेंढरांची," मी म्हणालो. रोजची गोष्ट, दुसरं काय सांगणार?

"मेंढरांना कुणी शिकवली?"

"आमच्या बापानं."

"आन्‌ त्यांना?"

"आमी पोरांनी," मी म्हणालो, आणि पुढचं तोंडातच राहिलं. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधतात तसा मी सहा महिने मास्तरांना शोधत फिरलो होतो.

"मास्तरांनी," मागून चुलतभाऊ म्हणाला. "घंटा चोरीला गेली व्हती तवा."

त्या खाली खुर्चीवर बसल्या. मग कळंबच्या अंगणात मी दोनदा तोडलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. आई सांगायची, शनिवारी ते ओढ्याच्या वळणावर आले की शीळ घालायचे. मध्येच तुटणारी, दातातून हवा जायची म्हणून. ती ऐकली की आई चहा ठेवायची. सायकल दारात येईतो चहा उकळलेला असायचा. तोंड एकवेळ इसरंन, पण ती शीळ नाय इसरायची, असं आई म्हणायची. पण तिला ती घालून दाखवता यायची नाही. त्या काळात बाईमाणसानं शीळ घातली तर गाव काय म्हणालं असतं? हातानं हवेत दाखवायची, अशी वर जायची, मग अशी खाली. मुलीनं आयुष्यभर ती शीळ फक्त हातावर बघितली होती.

"पुन्हा घाला, भाऊ," त्या चुलतभावाला म्हणाल्या.

त्यानं पुन्हा घातली. परत वळलेली मेंढरं पुन्हा वळली आणि गोंधळून उभी राहिली.

"तुमचे दात तर समदे हायेत," ताई म्हणाल्या. "मग मधी कशाला तोडता?"

"नाय तोडली तर वळत नाय," तो म्हणाला. "बा पण तोडायचा. आमच्याकडं ती तशीच हाय."

मी नारळ खुर्चीखाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि ताईंना ती मेंढरांच्या हजेरीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही मेंढरू न वाढवता. काळ्या मेंढीपाशी आलो तेव्हा त्या हसल्या. मध्येच डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. पुतळ्याकडं बोट करून मला म्हणाल्या, "ह्यांना तुमी घरी घेऊन जा, भाऊ. टोपी आन्‌ कान तेवढा आमचा हाय, तो असू द्या तुमच्याकडं."

मग त्या उठल्या, फ्रेम माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि चुलतभावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "शिकवा."

"अक्का, हात धुतलेत का?" त्यानं विचारलं. "तोंडात घालायचे हायेत."

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा थुंकी. "जीभ माघारी घ्या," तो म्हणाला. "आणखी. गिळू नका." शाळेतली पोरं भोवती जमली, त्यांनीही तोंडात बोटं घातली, आणि सगळ्या मांडवात फू फू चालू झालं. सरपंचानं माइक बंद केला आणि हळूच स्वतःही एकदा करून पाहिलं.

मग ताईंच्या बोटांतून एक बारीक शीळ निघाली. लांब गेली नाही. पण मधे तुटली, आणि पुन्हा वर चढली. कडेच्या एका म्हाताऱ्या मेंढीनं चरता चरता मान उचलली.

मी बायकोला शोधलं. ती बायकांच्या रांगेतून उठून, पायात चपला सरकवून घराकडं निघाली होती.

"अगं, कुठं?"

"शीळ आली ना," ती म्हणाली. "चहा ठेवते."